ट्रेमध्ये नसलेली पिशवी

“पिशवी काढून टाक आणि मोकळी हो,” सर म्हणाले. लातूरच्या त्या हॉस्पिटलचे ते मालक, मी तिथली पगारी गायनॅक. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे गर्भाशय हा शब्द फक्त सर्टिफिकेटवर असतो.

पेशंट सुनीता, बत्तीस वर्षांची, मूळची मुखेडची. नवऱ्याबरोबर क्लासच्या पोरांची मेस चालवायची. पिशवीत फायब्रॉइड होता, म्हणजे मांसाची गाठ. कॅन्सर नव्हे, पण रक्त इतकं जायचं की पोळ्या लाटताना ती चक्कर येऊन पडली. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही.

“लेकरू न्हाई तर न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “सून तर ऱ्हाईल.”

“पिशवी माझी हाय,” सुनीता म्हणाली. “नुसती गाठ काढा.”

मी सरांना म्हटलं, दुर्बिणीतून करते. सर भडकले. “भूकंपात बॅटरीच्या उजेडात पोटं उघडलीत मी. असले लाड केले नाहीत.”

“तेव्हा इलाज नव्हता, सर. आता दुर्बिणीचं मशीन आहे, बाहेर बोर्डावरही लिहिलंय. त्याचं कव्हर तरी काढू.”

“रक्त थांबलं नाही तर?”

“पोट उघडीन. वेळ आली तर पिशवीही काढीन. तिला सगळं सांगून सही घेतलीय.”

“तुझ्या जबाबदारीवर.”

“माझ्याच.”

पोटाला बोटभर रुंदीची चार भोकं. आत गॅस भरून जागा करायची, दुर्बीण घालायची आणि टीव्हीत बघत काम करायचं. गाठ सुटत आली आणि पडदा लाल झाला. मागे उभे असलेले सर म्हणाले, “उघड.” मी म्हटलं, “दोन मिनिटं.” भीती मलाही वाटत होती. टाका बसला, रक्त थांबलं. गाठ भोकातून निघेना, म्हणून मशीननं तिच्या पट्ट्या कापून काढल्या.

आमच्याकडे ऑपरेशन झालं की काढलेला भाग ट्रेमधून नातेवाइकांना दाखवावा लागतो. सासूबाईंनी पट्ट्या बघितल्या. “शेजारणीची नारळाएवढी आख्खी पिशवी दावली होती. हे तुकडे कशाचे? फसवायलात तुमी.”

मी त्यांना आत नेऊन ऑपरेशनची कॅसेट लावली. टीव्हीवर टाके घातलेली, गुलाबी पिशवी दिसली.

“ही सुनीताची?”

“तिचीच. जागेवर आहे.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. पण विश्वास बसला नव्हता. सुनीता चौथ्या दिवशी मेसवर दिसली तेव्हा सासूबाईंची माझ्याकडे तक्रार आली की इतक्या लवकर उठली म्हणजे ऑपरेशन झालंच नाही.

दोन वर्षांनी सुनीताचं सिझेरियन मीच केलं. मुलगी घेऊन बाहेर आले. सासूबाईंनी दुपटं उलगडून हात, पाय, बोटं सगळं तपासलं.

“आख्खी हाय न्हवं?”

“आख्खी,” मी म्हटलं. “आणि पिशवी अजून आतच आहे.”

तेव्हापासून ट्रे मी दाखवतेच. फक्त त्यात काय नसेल, ते ऑपरेशनच्या आधी सांगून ठेवते. सरांनाही.