मेट्रनच्या ऑफिसातली आणि माझ्या शेजारची

मुलांनो, तुमची आजी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नागपुरात सदर भागातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, सायन्स घेतलं, घरच्यांशी भांडून नर्सिंगला गेले. अंगात येणं, नजर लागणं – सगळं थोतांड, असंच म्हणत आले. तरीही एक गोष्ट आहे जी मला आजवर कुठेच बसवता आलेली नाही. फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी नुकतीच पास होऊन नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात लागले होते. तिथली पद्धत अशी, की नव्या नर्सला एका जुन्या सिस्टरच्या हाताखाली द्यायचं. ती "हिला जमतं" म्हणाली, की मगच नोकरी पक्की. मला मिळाल्या वानखेडे सिस्टर. उंच, सावळ्या, जाड चष्म्याच्या. माझ्या कॉन्व्हेंटवरून रोज टोमणे मारायच्या – "इंग्रजीनं ताप उतरत नाही वं, कपाळावर पट्टी ठेव!" पण डबा उघडला की पहिली भाकरी माझ्यापुढे. पहिल्यांदा सुई टोचायला मी कचरले, तेव्हा म्हणाल्या, "काहून भेते? मी आहो ना तुह्या मागं."

त्या "मी आहो ना"वर मी पूर्ण विसंबले होते. आईवर विसंबावं तसं.

मे महिन्यातली दुपार. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, तरी वॉर्डाची भट्टी झालेली. कुहीकडच्या एका खेड्यातली शांताबाई सकाळीच बाळंत झाली होती आणि रक्त फार गेलं होतं. रक्ताची बाटली आली. नियम असा – एकीनं बाटलीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, दुसरीनं केसपेपर वाचून जुळवायचं. दुसरी नसेल तर सुई जवळही न्यायची नाही.

मी मागे वळले. वानखेडे सिस्टर उभ्या होत्या. खाटेच्या पायथ्याचा केसपेपर त्यांनी उचललेला. मी वाचलं, "शांताबाई... गट बी..." आणि नळीकडे हात नेला.

"थांब वं! नवऱ्याचं नाव वाच."

"किसन."

"इथं तर गणपत लिहून आहे. किसनची ते दुसरी शांताबाई, भिंतीकडची."

माझ्यापुढच्या, गणपतच्या शांताबाईचा गट ओ होता. ते रक्त चढलं असतं तर ती माझ्या हातून गेली असती. बाटली घेऊन मी डॉक्टरांकडे धावले. दोघींनाही योग्य रक्त मिळालं, दोघीही वाचल्या.

संध्याकाळी मेट्रननी बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. आत वानखेडे सिस्टर आधीच बसलेल्या, माझ्याकडे न बघता.

"चूक पकडलीस, चांगलं केलंस," मेट्रन म्हणाल्या. "पण जुळवायला सोबत कोण होतं?"

"वानखेडे सिस्टर."

"खोटं. त्या वेळी या इथे माझ्यासमोर बसल्या होत्या. तुझ्याचबद्दल सांगत होत्या – पोरगी घाबरट आहे, वॉर्ड द्यायच्या लायकीची नाही, माझ्या हाताखालून काढा."

मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

गणपतच्या शांताबाईची सासू पूर्ण वेळ खाटेशी बसलेली होती. तिला बोलावलं. म्हातारी पदर सावरत म्हणाली, "या पोरीशिवाय कोणी नव्हतं जी. पण कोणाशी तरी बोलून राहिली होती बाई..."

"ऐकलंस?" मेट्रन म्हणाल्या. मग एकदम वानखेडे सिस्टरवर उखडल्या, "आणि तुमचंही आज डोकं ठिकाणावर नव्हतं! बोलता बोलता माझ्यावर 'थांब वं' म्हणून ओरडलात. मला 'वं'?"

तो शब्द मी अजून कोणालाच सांगितला नव्हता.

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या हळूच म्हणाल्या, "ऊन लागलं असंल, मॅडम."

एवढंच.

मला परत विद्यार्थिनींच्या रांगेत पाठवलं. डोक्यावर स्टाफ नर्सची टोपी आणि उभी कुठे, तर पहिल्या वर्षाच्या मुलींत, बेडपॅन धूत. पुढे नोकरी पक्की झाली, पण "खोटं बोलणारी" हे नाव फार दिवस मागे लागलं.

एकदा जिन्यात मी सिस्टरांना गाठलं. "तुम्हाला काय झालं होतं त्या दुपारी?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "बसली मॅडमसमोर होती, पण माह्या हातात कागद होता. डोळ्यानं दिसला मले – गणपत लिहिलेला. त्या बाईले तर मी तवा पाह्यलंही नव्हतं."

"मग मेट्रनना का नाही सांगितलं? माझी नोकरी जात होती!"

"मले लेकरं आहेत वं. असं बोलली असती तर मलेच येडी ठरवलं असतं." आणि पदरानं तोंड पुसत त्या खाली उतरून गेल्या. पुन्हा कधी बोलल्या नाहीत, मीही नाही.

नंतर मीही वॉर्ड सिस्टर झाले. कितीतरी नव्या मुली माझ्या हाताखालून गेल्या. बाटली जुळवताना मी स्वतः शेजारी उभी राहायचे, आणि "मी आहे ना" असं कधीच म्हणायचे नाही.

त्या दुपारी माझ्या शेजारी कोण उभं होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. ऑफिसात बसून 'हिला काढा' म्हणणारी कोण होती, ते मात्र मी पक्कं ओळखते.