दहा फळ्यांची ओळ

कुंभकोणच्या थोरल्या बाजारवीथीत ‘रायर कट्टडम्’, म्हणजे तमिळ मुलखात स्थायिक झालेल्या मराठी रावांची इमारत, दीडशे वर्षे उभी होती. खाली पितळी समयांचे दुकान, वर सागवानी खांबांची ओसरी. दर्शनी भागास दार नव्हते; दहा सुट्या फळ्या खोबणीत एकीमागून एक सरकवायच्या. प्रत्येकीवर मोडीतील एकेक अक्षर कोरलेले. यथाक्रम लावल्या म्हणजे ‘श्रीविठ्ठलचरणी तत्पर’ ही ओळ सिद्ध होई. क्रम चुकला की फळ्या अडत आणि दुकान बंद होत नसे.

हा क्रम जाणणारे सुंदरराव एकटेच उरले होते. अठराव्या वर्षी वडिलांकडून मोडी आणि दुकान त्यांनी एकदमच स्वीकारले. त्यानंतर पन्नास वर्षे ती ओळ सकाळी उकलावी, सायंकाळी पुन्हा जुळवावी, हीच त्यांची संध्या.

“मजपेक्षां त्या फळ्यांसच अधिक जपतां,” पत्नी विशालाक्षी म्हणे.

“फळ्या उलटूनु बोलत नाहींत,” सुंदरराव गंभीरपणे सांगत.

इमारतीची मालकी मात्र धाकटा चुलतभाऊ राधाकृष्ण याची. पोंगल सरल्यावर तो आला आणि ओसरीवर मांडी घालून बसला.

“अण्णा, जुन्या वास्तूंच्या सरकारी यादींत हें घर घालूं. मग कोणी हात लावणार नाहीं. अस्के खांब, अस्कीं दारें, एकही न सोडतां मोजूनु लिहूनु द्या. तुमच्यासारखें अक्षर कोणाचें?”

“आणि फळ्या?”

“त्यांवर अक्षरें आहेतच कीं.”

सुंदररावांनी तीन महिने खपून तमिळमध्ये तीस पाने लिहिली. कोणता खांब कोणत्या तुळईखाली, कोणती खुंटी आधी निघते, कोठे लाकूड नाजूक आहे, सर्व. शिशूचे जातक मांडावे तशा निष्ठेने त्यांनी प्रत्येक खांबास खडूने अंक दिला.

चैत्रातील एका शुक्रवारी ते दुकानी पोहोचले, तेव्हा वरचा सातवा खांब दोरांनी खाली येत होता. जुन्या लाकडाचे व्यापारी गुरुमूर्ति अंगणात उभे राहून अंक पुकारत होते. त्यांच्या हाती तीच तीस पाने होती.

“अय्या, हे तुमचंच लेखन ना?” गुरुमूर्ति आदराने तमिळमध्ये म्हणाले. “फार सोय झाली. एकही खांब चिरला नाही.”

सुंदरराव बाजूस उभ्या राधाकृष्णाकडे वळले. “राधाकृष्णा, ही यादी जतनासाठीं होती ना रे?”

राधाकृष्णाने मान वर केली नाही. उत्तर आले ते तमिळमध्ये: इमारतीच्या विक्रीचा व्यवहार पोंगलच्या आधीच झाला होता. मग तो म्हणाला, “सार, तेवढा फळ्यांचा क्रम यांना सांगा. त्यांना त्या दुसरीकडे बसवायच्या आहेत.”

त्या छपराखाली या दोघांत मराठीवाचून दुसरी भाषा कधी उच्चारली गेली नव्हती. पन्नास वर्षांचा ‘अण्णा’ एका श्वासात परक्यासारखा ‘सार’, म्हणजे ‘सर’, झाला होता.

सुंदररावांनी खोबणीतून उपसून अंगणात अस्ताव्यस्त टाकलेल्या फळ्यांकडे पाहिले. त्या ओळीसमोर ते आजवर असत्य बोलले नव्हते.

“तेरियादु,” ते तमिळमध्येच म्हणाले. ठाऊक नाही.

राधाकृष्ण जाणत होता, हे खोटे आहे. परंतु त्याला स्वतःला मोडीचे एक अक्षर येत नव्हते, आणि हे गुरुमूर्तींपुढे सांगणे त्याला जड गेले.

मजुरांनी फळ्या हाती येतील तशा उचलल्या आणि लॉरीत रचल्या. सुंदरराव समोरच्या पायरीवर बसून राहिले. नजर वळवावी असे त्यांच्या मनात आले. पण अभ्यास पन्नास वर्षांचा. एकेक फळी जात होती आणि ते वाचत होते: र, ठ्ठ, त, श्री, च… त्यातून कोणताही शब्द होत नव्हता.