पहिला हात अध्यक्षांचा

"आज त्याला हात लावायचा नाही. पूजा झालीय."

चिटणीस एवढंच बोलले. आवाज चढवला नाय. माझी बोटं कीबोर्डवर होती, ती मी काढली. मग त्यांनी तांब्यात फूल बुडवलं आणि कीबोर्डवर पाणी शिंपडलं. माझ्या देखत. एम.ए. झालेला माणूस, कॉम्प्युटरवर पाणी शिंपडतो.

खंडेनवमी होती, दुपार टळलेली. दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. महाडातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. सकाळी सगळी मशीनं पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून ठेवलेली. पुसली कुणी? मीच. वायरी जोडल्या कुणी? मीच. वर्षभर त्याच मशीनवर राबले तेव्हा कुणाचा देव कोपला नाय. पूजा झाली आणि मी एकदम पोलादपूरच्या वरच्या अंगाची, बौद्धवाडीतली झाले. पूजेनंतरच, अर्ध्या तासापूर्वी, क्लार्कनं त्याच मशीनवर क्रिकेटचा स्कोअर बघितला होता. त्याला कुणी काय बोललं नाय. हे महाडात घडलं. महाड कशासाठी ओळखतात ते मी कुणाला सांगायला नको.

मला एकच काम करायचं होतं. बॅकअप. म्हणजे वेबसाइटवरच्या सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवायची. संस्थेची साइट ज्या सॉफ्टवेअरवर उभी होती ते जुनाट झालं होतं, कुणीही बाहेरून घुसावं असं. नवं व्हर्जन घाला म्हणून मी तीन अर्ज दिले. शेवटी मंजूर झालं, तर दसऱ्याच्या मुहूर्तावर अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन ठरवलं. पत्रिका छापल्या. अहो, व्हर्जन बदलणं म्हणजे काय दुकानाची फीत कापणं हाय? आधी नक्कल काढायची. त्या नकलेवर नवं व्हर्जन चालतं का बघायचं. मगच खऱ्या साइटला हात घालायचा. साइटवरचा फॉर्म भरायचा भाग नव्या व्हर्जनला मानवेल याची मला खात्री नव्हती, आणि ते मी सांगितलंही होतं.

आणि फॉर्म कुणाचे? आमच्या पोरींचे. दिवाळीनंतर संस्थेचा नर्सिंगचा वर्ग सुरू होणार होता, राहणं-जेवण फुकट. फॉर्म फक्त साइटवर, आठवडाभरच. मुदत नवमीच्या दुपारपर्यंत. डोंगरातल्या वाड्यांतून पोरी चालत खाली आल्या. पोलादपूरच्या सायबर कॅफेत बसून मी त्यांचे फॉर्म भरले. त्यात आमच्या वाडीतली नंदा होती. बाप दम्यानं घरात बसलेला, पोरगी बारावी फर्स्ट क्लास. कागद कुणाकडेच नव्हता. जे काय होतं ते साइटच्या पोटात. आदला बॅकअप होता, पण तो फॉर्म सुरू व्हायच्या आधीचा. आणि साइटचा पासवर्ड चिटणीसांनी त्याच एका मशीनमध्ये घालून ठेवलेला. मला सांगितला नव्हता.

मी म्हटलं, साहेब, तासाभराचं काम हाय, नायतर फॉर्म जातील. ते म्हणाले, उद्या मुहूर्तानंतर काय ते कर, पूजेनंतर पहिला हात अध्यक्षांचा. मी म्हटलं, मग तुम्ही बसा मशीनवर, मी लांबून सांगते. त्यावर ते हसले.

"तू आता मला शिकवणार?"

घरी गेले.  ताट तसंच सरकवलं. आईनं विचारलं, काय झालं गो? सांगितलं नाय. लाज वाटली. अपमान त्यांनी केला आणि लाज मला. थू असल्या लाजेवर.

दसऱ्याला सभागृहात मोठा पडदा लावलेला. पाहुणे, हारतुरे, आपट्याची पानं. मला शेवटच्या रांगेत बसवलं. अध्यक्षांनी विचारलं, सगळी तयारी झाली ना? चिटणीस म्हणाले, झाली. मी तिथंच होते. उठून ओरडायला पाहिजे होतं. नाय ओरडले. 

अध्यक्षांनी नवं व्हर्जन घालायचं बटण दाबलं. टाळ्या. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर आली आणि थांबली. लोक अजून टाळ्या वाजवत होते.  चिटणीसांनी घाईघाईत मशीन बंद केलं, चालू केलं, परत बटण दाबलं. पडदा पांढरा. कोरा. टाळ्या हळूहळू थांबल्या. मग मला पुढं बोलावलं. आता माझा हात चालत होता.

तीन दिवस झगडले. जुन्या बॅकअपवरून साइट उभी केली. अध्यक्षांचा फोटो आला. मनोगत आलं. स्नेहसंमेलनाचे फोटो आले. पोरींचे फॉर्म नाय आले. एकही नाय. मी म्हटलं, मुदत वाढवा, मी परत भरून घेते. चिटणीस म्हणाले, मुदत संपली, आता संस्था आपल्या पातळीवर जागा भरेल. भरल्या त्यांनी. कुणाच्या पोरी घेतल्या ते अख्ख्या गावाला ठाऊक हाय.

चौथ्या दिवशी त्यांनी टाइप केलेला कागद समोर सरकवला. माझ्या निष्काळजीपणामुळे सर्व माहिती नष्ट झाली, असं माझ्या नावानं लिहिलेलं. सही केलीस तर नोकरी राहील, म्हणाले. पेन हातात नाय दिलं. टेबलावर ठेवलं.

तिथं माझं डोकं फिरलं.

"माझा हात लागला नाय, साहेब. तुम्हीच लागू दिला नाय. मग चूक माझी कशी?"

 ते म्हणाले, या तालुक्यात तुला कोण कामावर ठेवतं ते बघतो. मी कागद तसाच ठेवला आणि निघाले.

नंदाच्या घरी मलाच जाऊन सांगावं लागलं. तिची आई अंगणात भात झोडत होती. मी सगळं सांगितलं. पूजा, पाणी, मुहूर्त, बटण. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बटण दाबलं तवा तू व्हतीस ना गो तितं?"

होते, म्हटलं.

ती परत भात झोडायला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवाळीनंतर नंदा मुंबईला गेली, कुणाची तरी पोरं सांभाळायला.

मग मी तक्रार लिहिली, जिल्ह्याच्या ऑफिसात द्यायला. फॉर्म भरलेल्या एकेका पोरीच्या घरी जाऊन सह्या घेतल्या. कोणी हात लावू दिला नाय, कोणी बटण दाबलं, सगळं नावानिशी लिहिलं. आणि शेवटी माझं नाव घातलं. ठाऊक असून गप बसली म्हणून. वाडीतल्या मास्तरांनी वाचलं आणि म्हणाले, अगो, वेड लागलं काय, स्वतःचं नाव खोड आधी, तेच तुझ्यावर उलटवतील. उलटवू दे. ठाऊक असून गप बसणारीला मी सोडलं, तर त्या दोघांना कुठल्या तोंडानं धरू?

नाव खोडलं नाय. अर्ज तसाच दिला. बोलावतील त्या दिवशी जाणार, आणि त्या दोघांच्या समोर उभी राहून सगळं सांगणार. आधी माझं, मग त्यांचं.