मामांच्या मोतीबिंदूला दिसलेलं ग्लायडर

जगात कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूवर आपटता कामा नये, ही जबाबदारी परमेश्वराने आपल्या एकट्यावर सोपवली आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत आहे. वसईजवळ होळी नावाच्या गावात त्यांची चिकूची वाडी आहे. तिथे प्रत्येक माडाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा, सायकलला लाल फडकं, आणि मामींच्या छत्रीलाही चमकी. "रिक्षावाल्याला माणूस दिसला पाहिजे," मामा म्हणतात, "पुढचं तो बघेल." चिकूंवर पोपट बसू नयेत म्हणून झाडांना चमकत्या पट्ट्या आणि जुन्या सीड्या टांगलेल्या आहेत. त्यात आमच्या लग्नाचीही सीडी आहे. मी कुरकुर केली तर म्हणाले, "जावईबुवा, तुम्ही कधी बघितलीत का? आता निदान पोपट तरी बघतात."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने ग्लायडर उडवायला शिकावं, हा दैवाचा निव्वळ वात्रटपणा. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आवाज नाही, धूर नाही, वर रंग पांढराशुभ्र. ढगासमोर आलं की दिसेनासंच होतं. एकदा घाटावर, ती शिकायची त्या मैदानावर, एक छोटं विमान तिच्या अगदी पंखाजवळून गेलं. त्याच्या वैमानिकाला ती दिसलीच नव्हती. हे कळल्यावर मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोटभर जेवले आणि जाहीर केलं, "दिसशील तेव्हाच उडशील." ती म्हणाली, "बाबा, उडणं मी सोडणार नाही." दोघांचं बोलणं बंद झालं. घरात मामी निरोप्या झाल्या.

मामा ग्लायडर रंगवायला लाल रंगाचा डबा घेऊन थेट मैदानावर धडकले. तिथले शिक्षक निवृत्त फौजी, पण सोशिक. "काका, गडद रंग उन्हात तापतो, फायबरचं अंग मऊ पडेल. आणि शेपटीच्या हलत्या भागावर वजन वाढलं तर तोल बिघडतो." मामा डबा घेऊन परत आले आणि आठ दिवस वाडीत खुर्ची टाकून बसले. नवव्या दिवशी मला फोन. "जावईबुवा, पोपट ताणलेल्या पट्टीला भीत नाय! सैल, गरगरणाऱ्या पट्टीला भितो! फिरलं की चमकतं. आणि ग्लायडर वर चढताना गोल गोलच फिरतं ना?"

मग वसईच्या किल्ल्याच्या तटावर, भर उन्हात, आरशासारखा पातळ कागद चिकटवलेली थर्माकोलची फळी फिरवत मी उभा राहिलो. एका बाईंनी ती केवढ्याला, म्हणून विचारलं. मामा दूर जेटीवर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जात. "माझ्या मोतीबिंदूला दिसलं म्हणजे जगाला दिसलं!" त्यांनी निकाल दिला. खरं सांगतो, याहून कडक परीक्षा कोणी घेतली नसती.

शिक्षकांनी कागद तोलला, तपासनिसांची रीतसर परवानगी काढली आणि तो शेपटीच्या न हलणाऱ्या भागावर लावला. ती ग्लायडर घेऊन उडाली. मी डोळे बारीक करून ढग चाळत होतो, तेवढ्यात मामा ओरडले, "ती बघा, लुकलुकली!" आणि वायरलेसवर दुसऱ्या वैमानिकाचा आवाज आला, "ग्लायडर दिसलं. केव्हापासून दिसतंय." शिक्षकांनी मामांना चक्क सॅल्यूट ठोकला. मामांनी मैदानावरच्या यच्चयावत माणसाला होळी गावची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, वाटली. ती खाली उतरली आणि कित्येक आठवड्यांनी बापाशी बोलली, "बाबा, दिसले?" मामा एवढंच म्हणाले, "दिसलीस."

आता ती प्रवासी विमान चालवते. मुंबईकडे जाणारी विमानं वाडीवरून जातात, त्यातलं तिचं कोणतं, ते मामांना ओळखता येत नाही. मोतीबिंदू काढून झाले, तरी नाही. परवा गेलो तर पंपघराच्या छपरावर एका दोरीला आमच्या लग्नाची सीडी गरगरत होती. मी काही विचारण्याआधीच मामा म्हणाले, "जगाला ती दिसते. तिलाही घर दिसायला नको?"