नव्या डॉक्टर मॅडम आणि आबांचं सलाईन

गावकऱ्यांनो, आज आपल्या सरकारी दवाखान्यात डोकंच फिरलं.

सोमवारी आपण नव्या डॉक्टर मॅडमना शाल-श्रीफळ दिलं. नुकतीच शिकून आलेली पोरगी, पहिलीच नोकरी. आज माझ्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, थकवा आलाय म्हणून सलाईन मागितलं. तिनं नीट तपासलं आणि म्हणाली, "आबा, सलाईनची गरज नाही. वेळेवर जेवा, झोप घ्या."

आबा तडकले. "तुला लावता येत न्हाई व्हय? मोठं डॉक्टर कवा येणार?"

मी मध्ये बोलले तर मलाच गप्प केलं. रांगेतले दोघं उठून सलाईनसाठी शिरूरला खासगीत गेले. मॅडमनी डोळे पुसून पुढचा पेशंट बोलावला.

आधीचे दोन डॉक्टर असेच वैतागून गेले. पुढच्या सत्काराची शाल आत्ताच आणून ठेवायची का?