परीक्षेच्या दिवशीची सुट्टी

आमच्या साडूंनी गुण दिले नाहीत अशी वस्तू हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. कनेरगाव नाक्यावरच्या चहाला दहापैकी चार, माझ्या लग्नातल्या बुंदीला साडेसहा आणि सासऱ्यांच्या भाषणाला, तेही त्यांच्या देखत, तीन. "जास्त दिले तर सुधरतील काहून?" असं वर विचारणार. सासरे पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या अबोल्याला साडूंनी नऊ दिले होते.

हा माणूस औंढ्याच्या पलीकडं एका खेड्यात मास्तर होता. सगळ्या राज्याला एकच पेपर असलेली ती चाचणी आली की आजूबाजूच्या शाळांची एक रीत ठरलेली. ज्या लेकराला वाचता येत नाही त्याला त्या दिवशी लाडानं सुट्टी द्यायची. शाळेची सरासरी वाढते, साहेब खूश होतात, फोटो निघतात. आमचे साडू नेमके उलटे. चाचणीच्या सकाळी मोटारसायकल काढायची आणि माळावर मेंढरांमागं गेलेली तिसरीतली एक पोरगी हुडकून आणायची. एकदा तिची आई म्हणाली, "मंग हे कोण सांभाळंल?" आणि नुकतं जन्मलेलं कोकरू तिनं मास्तरांच्या हातात दिलं. पेपर संपेपर्यंत साडू ते मांडीवर घेऊन वर्गात बसले. कोकराला शिस्तीचे आठ मिळाले, पोरीला पेपरात भोपळा.

"अहो, एक पोरगी वगळली तर काय बिघडतं?" मी म्हणालो.

"मोंढ्यात व्यापारी हळदीचं पोतं उघडून काहून पाहतेत? आतला माल कळावा म्हणूनच ना. तिचा भोपळा वर दिसला, तर तिला वाचायला शिकवायला एखादा माणूस तरी देतील."

माणूस आला नाही, नोटीस आली. बैठकीत साडूंना सगळ्यांसमोर उभं करून 'शाळा बुडवणारे गुरुजी' म्हटलं गेलं. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला साहेबांपैकी कोणी फिरकलं नाही. त्या लोकांचा मला आजही संताप येतो.

पुढच्या वर्षी मी त्यांना औंढ्याला दर्शनाला घेऊन निघालो, तर त्यांनी गाडी आधी त्या माळाकडं वळवायला लावली. मेंढरं होती, पोरगीही होती.

"आज शाळा न्हाई व्हय गं?"

"आज परीक्षा हाय ना सर," ती हसून म्हणाली. "म्हणून मला सुट्टी हाय. नवे सर दरवेळी मलाच देतेत."

साडूंनी मेंढरांवरून नजर फिरवली. त्यांनी विचारलं, "अन् ते कोकरू?"

"विकलं."

मग ते तिथंच मातीत बसले, काडी घेतली आणि तिला तिचं नाव लिहून दाखवू लागले. मंदिराची दुपारची आरती आमची चुकली. परतताना औंढ्यात चहा घेतला. अगदी पाणचट होता. मी मुद्दाम विचारलं, "किती?"

त्यांनी कप खाली ठेवला. "पिऊन घ्या," म्हणाले, "थंड होऊन राहिला."