मधला दुभाषी

लेकीच्या इंटरनॅशनल शाळेत सहावीपासून पाठांतर नाही. मुलांनी माणसं समजून घ्यावीत, असा अभ्यासक्रमाचा सगळा रोख. म्हणून काल अन्वी आजोबांची मुलाखत घ्यायला बसली. तिला मराठी जेमतेम कळतं, माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही. मधे दुभाषी मी.

"नोकरीतला सगळ्यात अवघड दिवस कोणता?" तिनं विचारलं.

बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. ते म्हणाले, "आई गेल्याचा निरोप वाटेतल्या स्टँडवर मिळाला. गाडी भरलेली, सोडून कसा येणार? पोचवून आलो, तोवर सगळं आटोपलं होतं."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. इंग्रजीत एवढंच म्हणालो, "कधीकधी रजा मिळायची नाही."

अन्वीनं ते लिहून घेतलं. मग आजोबांकडे बघत हळूच मला विचारलं, "रजेसाठी आजोबा रडतायत?"

समजून घ्यायला ती शिकलीच होती. तिच्याशी घरातही इंग्रजीच बोलायचं, हे मात्र आम्ही हौसेनं ठरवलं होतं.

बाबांनी डोळे पुसले. "तिला अजून काही विचारायचं असेल तर विचारू दे," ते मला म्हणाले. "मी बसतो."